वाचक विचारतात : खान्देशच्या उन्हात प्रवाळाची टाकी

मागील अंकात गोड्या पाण्यातील माशांविषयी लिहिताना ‘खाऱ्या पाण्याचे पुढे कधीतरी पाहू’ असे एक वाक्य सहज लिहून गेलो आणि त्या एका वाक्यावर जितकी पत्रे आली तितकी मूळ लेखावरही आली नाहीत. जवळजवळ सर्व पत्रांतील चिंता दोनच आहेत, पैसा आणि उन्हाळा. म्हणून हा अंक संपूर्णपणे कमी खर्चात उभारायच्या प्रवाळ टाकीसाठी दिला आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : लहानपणी मुंबईला तारापोरवाला मत्स्यालय पाहिले तेव्हापासून घरी समुद्री टाकी असावी असे मनात आहे. आता २५ हजार रुपये बाजूला काढले आहेत. परंतु चौकशी केली तेव्हा, आपल्याकडे चिलरशिवाय (पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय) प्रवाळ जगत नाहीत आणि चिलर घेतला तर बाकीच्या वस्तूंना पैसे उरणार नाहीत, असे सांगण्यात आले. हा नाद सोडून द्यावा काय?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : नाद सोडण्याचे कारण नाही, खर्चाचा क्रम मात्र बदलावा लागेल. नवशिका माणूस आधी दिवा घेतो, मग फिल्टर, मग मासे, आणि पाणी व तापमान यांच्याकडे सर्वांत शेवटी वळतो. इतरत्र ते कदाचित निभावून जात असेल. आपल्याकडे आखाजी उलटली की निभावत नाही. म्हणून आपण पहिला रुपया पाण्यावर आणि दुसरा गारव्यावर खर्च करावा.

गारव्याचे आधी सांगतो, कारण आपली अडचण तीच आहे. प्रवाळासाठी पाणी २५ ते २६ अंशांवर असणे उत्तम आणि २८ पर्यंत चालवून घेता येते. २९-३० च्या वर ते काही दिवस राहिले, तर प्रवाळाच्या पेशींत राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवाले बाहेर टाकली जातात आणि प्राणी पांढरा पडून उपाशी मरू लागतो. बाहेर ४३-४४ अंश असताना हे कसे साधायचे, याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातील माठात आहे. आपल्याकडचे ऊन तापट असले तरी मृगापर्यंत हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत बाष्पीभवन झपाट्याने होऊन मागे राहिलेले पाणी गार होते. मुंबईच्या दमट हवेत हीच युक्ती निम्मीही चालत नाही. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये असतो तसा १२ व्होल्टचा पंखा टाकीच्या काठावर तिरपा बसवून त्याचा वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून वाहू दिला, तर तीन-चार अंशांचा फरक सहज पडतो. असे दोन पंखे घ्यावेत, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा चालू राहील.

मात्र खोलीच ३६ अंशांवर गेली तर पंखे एकटे पुरे पडणार नाहीत. पश्चिमेची भिंत, गच्चीखालची खोली आणि खिडकीचे ऊन या तिन्ही जागा टाळून तळमजल्यावरील घरातली सर्वांत थंड खोली टाकीला द्यावी. त्या खोलीत कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवावी. दारे-खिडक्या लावून कूलर चालवला की हवा ओली होते, बाष्पीभवन मंदावते आणि टाकीवरचे पंखे नुसते फिरत राहतात. टाकीवर काचेचे झाकणही नको. मासे उडी मारतात म्हणून बारीक जाळी बसवावी. दिव्याची वेळ दुपारी न ठेवता संध्याकाळी सात ते पहाटे तीन अशी ठेवली, तर दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकमेकींवर चढत नाहीत. टाकीला त्याचे काही वाटत नाही, आणि घरातील मंडळीही तिच्यासमोर रात्रीच बसतात. बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडण्याचा उपाय अडल्यावेळी एखाद्या दिवसापुरता ठीक आहे. रोज केला तर तापमान वरखाली होऊन अधिक नुकसान होते.

या गारव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. आपण ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी घ्यावी असे मी सुचवतो; तिची मोजमापाने क्षमता १२१ लिटर असली तरी वरची रिकामी जागा आणि खडक वजा जाता १०० लिटर पाणी राहते, ज्यामुळे सगळे हिशोबही सोपे होतात. भर उन्हाळ्यात अशा टाकीतून दिवसाला तीन लिटर पाणी उडून जाऊ शकते. उडते ते पाणी, मीठ मागेच राहते. त्यामुळे भर घालायची ती नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची. हे वाक्य माझ्या शेजाऱ्यांना नीट समजावून सांगितले असते, तर एका लगीनसराईत मला फटका बसला नसता. चार दिवस नंदुरबारला लग्नाला गेलो असताना त्यांनी मोठ्या आस्थेने रोज तीन लिटर पाणी टाकीत घातले, आणि समुद्राचे पाणी कमी झाले आहे म्हणून प्रत्येक वेळी त्यात मीठही कालवले. परत आलो तेव्हा हजारी ३५ (हजार भाग पाण्यात ३५ भाग क्षार) असलेली क्षारता ३९ वर पोचली होती आणि लेदर कोरल हा मऊ प्रवाळ मूठ आवळल्यासारखा मिटून बसला होता. ती खाली आणायला मी पुरता आठवडा घेतला, कारण एकदम उतरवणे चढण्याइतकेच घातक असते. आता मी मेडिकल दुकानातून आणलेला सलाईनचा सेट पाच लिटरच्या कॅनला जोडून ठेवतो आणि त्याची चकती फिरवून थेंबांचा वेग बांधून घेतो. हजारो रुपयांच्या स्वयंचलित यंत्राचे काम ती नळी करते. सकाळ-संध्याकाळ पातळीच्या खुणेकडे एक नजर टाकावी लागते एवढेच.

आता पाणी. बोअरचे किंवा नळाचे पाणी थेट वापरता येणार नाही, कारण ते कठीण असते, आणि त्यातील नायट्रेट व सिलिकेट यांवर टाकीत शेवाळ माजते. घरात आरओ असेल तर ती मोठी सोय आहे; पण पिण्याच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात, म्हणून मेकॅनिककडून त्या टप्प्याच्या आधी एक वेगळी तोटी काढून घ्यावी आणि तिच्यापुढे उरलेसुरले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचे लहान नळकांडे बसवावे. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ आला पाहिजे. हे पाणी तांब्या-पितळेच्या हंड्यात साठवू नये; तांबे माणसाला मानवत असेल, शंख-झिंगे-प्रवाळ यांना ते विष आहे. याच कारणाने एसीच्या नळीतून टपकणारे पाणी फुकटचे डिस्टिल्ड म्हणून वापरण्याचा मोह आवरावा, कारण ते तांबे किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या जाळीवरून वाहत आलेले असते.

समुद्री मीठ लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम लागते. म्हणजे टाकी भरताना पावणेचार किलो आणि दर आठवड्याला १० लिटर पाणी बदलताना ३७० ग्रॅम, असे पहिल्या वर्षी सुमारे २३ किलो होते. हा खर्च टळत नाही. घरचे मीठ म्हणजे जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि क्षारीयता (पीएच स्थिर ठेवणारे क्षार) हे काहीच नसल्याने त्यावर प्रवाळ जगत नाहीत. घरच्या मिठाचा एक उपयोग मात्र आहे. क्षारता मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर बरोबर दाखवतो की नाही हे तपासायला ३६.५ ग्रॅम मीठ ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवावे. त्या द्रावणाचा थेंब हजारी ३५ असा वाचला गेला पाहिजे. सराफी काट्यावर मीठ मोजून घेतले की विकतच्या द्रावणाचे पैसे वाचतात.

बाकीची यादी लहान आहे. टाकी गावातल्याच काचवाल्याकडून ८ मिलिमीटर काचेची करून घ्यावी. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेले वापरायला सांगावे आणि साध्या पाण्याने भरून चार दिवस अंगणात ठेवावी. एक-दोन लहान वेव्हमेकर (पाणी हलते ठेवणारे पंप) घ्यावेत. निळ्या आणि पांढऱ्या एलईडींचा मध्यम ताकदीचा दिवा मऊ प्रवाळांना पुरतो. प्रोटीन स्किमर (फेसाबरोबर पाण्यातील घाण काढणारे यंत्र) या आकारात, दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तर, वगळता येतो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये समुद्री टाकीची आपली पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात जिवंत खडक (समुद्रातून जिवाणूंसकट काढलेला; त्याऐवजी काय वापरावे ते पुढे येईल), हवेचे बुडबुडे आणि सूर्यप्रकाश यांपलीकडे फारसे काही नव्हते. सूर्यप्रकाश सोडला तर, कारण तो आपल्याला परवडणार नाही, त्यांचा रस्ता कमी पैशांत टाकी करणाऱ्यांसाठी आजही चांगला आहे.

विजेचे विचारले नाही, तरी सांगून ठेवतो. ६० वॅटचा दिवा आठ तास, २० वॅटचे पंप चोवीस तास आणि पंखे मिळून दिवसाला एक ते सव्वा युनिट, म्हणजे महिन्याला पस्तीस-सदतीस युनिट होतात. पुढे कधी पैसे साठले तर चिलर जरूर घ्या, पण तो सुरुवातीची अट मानू नका.

प्रश्न : आमचे जुने धाब्याचे घर आहे. खालची ओसरी चांगली गार असते, पण मुलांना टाकी माडीवर हवी आहे. चालेल काय?
— एक वाचिका, पारोळा

उत्तर : ओसरीच उत्तम. मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती दुपारची उष्णता आत यायला संध्याकाळ करतात. सिमेंटच्या घरात राहणाऱ्याला ही सोय पैसे देऊनही मिळत नाही. माडीचा विचार मात्र सोडून द्यावा. १०० लिटर पाणी, काच, खडक, वाळू आणि स्टँड मिळून दीडशे किलोंच्या पुढे वजन जाते, ते चार पायांवर रात्रंदिवस उभे असते, आणि जुन्या तुळयांना आतून वाळवी लागली आहे की नाही हे वरून दिसत नाही. ओसरीची जमीन शेणा-मातीची असेल तर स्टँडखाली शहाबादी फरशी बसवून घ्यावी, पाणसळ लावून पातळी पाहावी, आणि काच व फळी यांच्यामध्ये थर्माकोलची शीट घालावी.

प्रश्न : शहाद्याहून सुरत काही तासांच्या अंतरावर आहे. तेथून कॅन भरून समुद्राचे पाणी आणले तर मिठाचा खर्च वाचणार नाही काय?
— एक वाचक, शहादा

उत्तर : कल्पना वाजवी आहे; समुद्र मात्र चुकीचा निवडला आहे. सुरतेजवळ समुद्राला मिळते ती आपलीच तापी. मुखाजवळचे पाणी नदीमुळे पातळ झालेले असते, खंभातच्या आखाताच्या जोरदार भरती-ओहोटीने त्यातील गाळ सतत ढवळलेला असतो, आणि किनाऱ्यावर मोठी बंदरे व कारखाने आहेत. ते पाणी आणून निवळले तरी त्यात काय विरघळले आहे हे आपल्याला घरी तपासता येणार नाही. शिवाय १० लिटर पाण्यासाठी दर आठवड्याला किती डिझेल जाळायचे याचाही हिशोब करून पाहा. तेवढ्या पाण्याला ३७० ग्रॅमच मीठ लागते. सहा गावांतील सहा हौशी मंडळींनी मिळून मिठाची मोठी बादली मागवून ती वाटून घ्यावी. वाटताना बादली आधी उलटसुलट करून चांगली हलवावी, कारण प्रवासात जड क्षार तळाशी बसतात आणि शेवटच्या वाटेकऱ्याला वेगळेच मिश्रण मिळते.

प्रश्न : एका विक्रेत्याने मला फोनवर सुंदर फांद्यांच्या कठीण प्रवाळाची छायाचित्रे पाठवली आहेत. दर अगदी कमी आहे आणि माल परदेशी असल्याचे तो सांगतो. घ्यावा काय? शिवाय घरात आजोबांच्या वेळचा पांढरा वाळलेला प्रवाळ शोभेसाठी ठेवलेला आहे, तो टाकीत वापरता येईल काय?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : घेऊ नये. कठीण प्रवाळांचे सर्व प्रकार, तसेच काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाईप प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. वाघालाही हेच संरक्षण आहे, म्हणजे कायद्याने तो फांदीदार प्रवाळ आणि वाघ एका पंक्तीला बसवले आहेत. शिक्षा किमान ३ वर्षांच्या कैदेची, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५ हजार रुपयांचा. जळगावच्या वाचकांचे संपूर्ण अंदाजपत्रक तेवढेच आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. परदेशी मालासाठी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सायटिस कराराखालील परवाना आणि आयातीची कागदपत्रे लागतात. विक्रेत्याला फक्त त्यांची प्रत मागा; बहुधा त्याचा फोन पुन्हा येणार नाही.

समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या यांनाही असेच संरक्षण असल्याने तेही वर्ज्य समजावेत. कायदा जिवंत-मृत असा भेद करत नाही, म्हणून आजोबांच्या प्रवाळाविषयी आपण वन विभागाच्या कार्यालयात सरळ विचारून घ्यावे आणि तो विकण्याच्या किंवा कोणाला देण्याच्या भानगडीत पडू नये.

यात आपले नुकसान काहीच नाही, असे माझे मत आहे. झोअँथस, मश्रूम, लेदर कोरल, झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप ही मऊ मंडळी या अनुसूचीत नाहीत. त्यांना दिवा मध्यम लागतो, कॅल्शियमची रोजची मात्रा लागत नाही, एखादा अंश वरखाली झाला तर ती रुसून मिटतात पण लगेच मरत नाहीत, आणि रुजली की स्वतःच पसरतात. वर्षभराने मित्रांना तुकडे देण्याइतका झेनिया होतो. खान्देशात कठीण प्रवाळ ठेवण्याची परवानगी असती, तरी पहिल्या टाकीसाठी मी हेच सुचवले असते.

प्रश्न : गिरणेच्या पात्रातले गोटे आणि वाळू, तसेच खाणीत मिळणारे झिओलाइटचे स्फटिक टाकीत घालता येतील काय? विकतचा खडक फार महाग वाटतो.
— एक वाचक, भडगाव

उत्तर : गोटे नकोत. आपल्या काळ्या पाषाणाचे गोटे घट्ट असतात, त्यांत छिद्रे फारशी नसतात, आणि टाकीतील खडकाचे खरे काम शोभेचे नसून आतल्या सच्छिद्र जागेत जिवाणूंना घर देण्याचे आहे. वाळूविषयी एक प्रयोग करून पाहा. मूठभर वाळलेली वाळू कागदावर पसरून तिच्यातून लोहचुंबक फिरवा. चुंबकाला काळ्या कणांची मिशी फुटेल. काच पुसण्याच्या चुंबकी ब्रशला हेच कण चिकटतात आणि आठवडाभरात टाकीच्या काचेवर ओरखडे उमटतात. जळगाव परिसरातील स्फटिक दिसायला देखणे आहेत, पण ते काचेच्या कपाटातच शोभतात. गोड्या पाण्यात झिओलाइट अमोनिया शोषते, खाऱ्या पाण्यात मात्र त्याच्या जागा सोडियम अडवून बसतो आणि ते निकामी होते. काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे माती धरून असतात, म्हणून तेही सोडावेत.

खडक स्वतः तयार करता येतो, आणि हे काम कोणताही गवंडी आपल्याला एका सकाळी शिकवू शकेल. एक भाग सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा जाडा चुरा (कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळतो, तो धुऊन घ्यावा) आणि एक-दोन भाग जाडे मीठ एकत्र करून जेमतेम मूठ वळेल एवढेच पाणी घालावे. मिश्रण सैल झाले की छिद्रे बुजतात, त्यामुळे गवंड्याला इथे आपला हात आवरावा लागतो. ओल्या वाळूत खळगे करून त्यात हे गोळे वेडेवाकडे टाकावेत, मधे बोट घालून भोके ठेवावीत, आणि प्लॅस्टिकच्या कागदाखाली दोन-तीन दिवस झाकून ठेवावेत. नंतर ते साध्या पाण्याच्या पिंपात टाकले की मीठ विरघळून जागोजागी पोकळ्या तयार होतात.

येथपर्यंत सर्वांना मजा वाटते, खरी परीक्षा यानंतर आहे. सिमेंटमधून चुना सुटत राहतो आणि पिंपातील पाण्याचा पीएच बाराच्या आसपास जातो. अशा पाण्यात मासा काही मिनिटेही टिकणार नाही. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलत सहा ते आठ आठवडे हे खडक बुडवून ठेवावे लागतात. पाणी बदलल्यानंतर चार दिवसांनीही पीएच साडेआठच्या खालीच राहिला, म्हणजे खडक तयार झाला असे समजावे. आपल्याकडे नळाला दिवसाआड पाणी येत असेल तर हे पाणी बदलणे जड जाईल, म्हणून हा उद्योग पावसाळ्यात पागोळीखाली पिंप ठेवून करावा. तेवढा धीर नसेल तर भट्टीत भाजलेला सच्छिद्र कृत्रिम खडक थोडा विकत घ्यावा. १०० लिटरला आठ-दहा किलो पुरतो. समुद्रातून काढलेला ‘लाईव्ह रॉक’ बहुधा प्रवाळाच्या सांगाड्याचाच असतो, त्यामुळे त्याला वरच्या उत्तरातील कायदा लागू होतो.

प्रश्न : आमच्याकडे उन्हाळ्यात वीज तासन् तास जाते. तेवढ्यात सगळे मरून जाईल का?
— एक वाचिका, भुसावळ

उत्तर : दिवा गेल्याने काहीही बिघडत नाही, पाणी थांबल्याने बिघडते. खाऱ्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू मुळातच गोड्या पाण्यापेक्षा कमी असतो, पाणी तापले की तो आणखी घटतो, आणि वीज बरोबर त्याच दुपारी जाते. वेव्हमेकर घेतानाच १२ व्होल्टवर चालणारा घ्यावा. ५ वॅटच्या अशा पंपाला ७ अँपिअर-तासांची लहान बॅटरी, तिला पूर्ण न पिळता, सात-आठ तास चालवते. पंखेही १२ व्होल्टचेच असल्याने त्याच बॅटरीवर येतात, पण मग वेळ त्या प्रमाणात कमी धरावा. वीज नसताना माशांना खायला घालू नये. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त पंप आणि पंखे घ्यावेत. दिव्याचा प्लग चुकूनही त्या बोर्डात लावू नये, नाहीतर पहाटेपर्यंत घरचे पंखेही बंद पडतील आणि टाकीला घरात कायमचे शत्रू निर्माण होतील.

प्रश्न : मी शेतकरी आहे. केळी आणि कपाशीच्या कामातून संध्याकाळी घरी आल्यावर टाकी सांभाळणे जमेल काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : वेळेच्या दृष्टीने अवश्य जमेल, रोज दहा मिनिटे आणि रविवारी एक तास लागतो. काळजी फवारणीची घ्यावी. पायरेथ्रॉइड वर्गातील कीटकनाशके माणसाला जितकी सौम्य तितकीच माशांना आणि विशेषतः झिंगे-खेकड्यांना जालीम आहेत, आणि घरात डासांसाठी जे फवारतो किंवा प्लगला लावतो त्यातही बहुधा याच वर्गाचे औषध असते. फवारणीच्या दिवशी टाकीत हात घालू नये, कपडे त्या खोलीत बदलू नयेत, आणि टाकीच्या बादल्या, मग, नळ्या वेगळ्या रंगाच्या ठेवून त्या शेतावर जाणार नाहीत हे घरच्यांना बजावून ठेवावे. हवेचा पंप फवाऱ्याच्या खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो, म्हणून डासांचे मशीन त्या खोलीत लावूच नये.

प्रश्न : टाकी भरल्यावर मासे किती दिवसांनी आणि कोणते सोडावेत? मुंबईहून आणताना मरतील अशी भीती वाटते.
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : चार ते सहा आठवडे काहीही सोडू नये. या काळात खडकावर जिवाणूंची वस्ती तयार होते. एक जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. सोललेल्या कोळंबीचा लहान तुकडा टाकीत कुजू द्यावा आणि तपासणी संचावर अमोनिया चढून, उतरून, मग नायट्राइट चढून, उतरून दोन्ही शून्य झाले की थांबावे. पुढे काचेवर तपकिरी थर धरतो, त्याने घाबरू नये. तो आपोआप ओसरतो आणि तेव्हाच पहिले शंख व हर्मिट खेकडे आणावेत.

मासे १०० लिटरला तीनच, आणि तेही महिन्याच्या अंतराने. क्लाऊनफिशची जोडी आणि एखादा गोबी एवढ्यावर टाकी भरलेली दिसते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्याकडे विकसित केले आहे, त्यामुळे हॅचरीत जन्मलेलीच जोडी मागावी; ती समुद्रातून पकडलेल्यापेक्षा काटक असते आणि सुके खाद्य लगेच खाते. तिला राहायला अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) लागतोच असे नाही, आणि नव्या टाकीत तो टिकतही नाही. ब्लू टँग या निळ्या माशाचा आग्रह कोणी धरला तरी घेऊ नये, त्याला याच्या कितीतरी पट मोठी टाकी लागते.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने यावे. थर्माकोलच्या खोक्यात प्राणवायू भरलेल्या पिशव्या, वर वर्तमानपत्रांचे थर, आणि खोके बर्थखाली. घरी आल्यावर पिशवी पंधरा मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग मासा पिशवीतील पाण्यासह बादलीत घेऊन त्याच सलाईनच्या सेटने टाकीचे पाणी थेंबथेंब सोडावे. पाऊण तासात बादलीतील पाणी दुप्पट झाले की मासा जाळीने उचलून टाकीत घ्यावा आणि बादलीतील पाणी फेकून द्यावे. त्या रात्री दिवा लावू नये.

प्रश्न : धुळ्यातच एका गृहस्थांकडून जुनी टाकी खडकांसह स्वस्तात मिळाली. खडकांवर बटणांसारखे प्राणी आहेत, काही मेलेले दिसतात. खडक बंबाच्या पाण्यात उकळून घ्यावेत असा विचार आहे.
— एक वाचक, धुळे

उत्तर : हे पत्र वाचताच मी संपादकांना फोन केला आणि आपल्याला निरोप पोचवायला सांगितले, तरी इतरांसाठी येथे लिहितो. खडक उकळू नयेत. ते बटणांसारखे प्राणी झोअँथस किंवा पॅलिथोआ असणार, आणि त्यांच्यापैकी काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय तीव्र विष असते. उकळल्यावर ते वाफेबरोबर हवेत पसरते, आणि अशा वाफेने घरातील सगळ्यांना एकदम रुग्णालयात जावे लागल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. उष्णतेने ते विष मोडत नाही. खडक घासणे, कोरडे करून फोडणे, जोराच्या पिचकारीने धुणे हेही टाळावे. जाड रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, हातावर जखम नाही हे पाहून, मेलेले प्राणी असलेले खडक ओले असतानाच दुहेरी प्लॅस्टिक पिशवीत बांधून टाकून द्यावेत. जिवंत दिसतात ते खडक खाऱ्या पाण्यातच राहू द्यावेत. जीभ धातूसारखी लागली, छातीत दडपण आले किंवा ताप चढला तर डॉक्टरांना या प्राण्याचे नाव सांगावे.

काचेच्या टाकीपुरते पाहिले तर सौदा चांगला आहे. कोपऱ्यांतील सिलिकॉन नखाने सुटत नाही ना हे पाहावे, आणि त्या गृहस्थांना एकच प्रश्न विचारावा : टाकीत माशांच्या रोगावर कधी तांब्याचे औषध घातले होते काय? उत्तर ‘हो’ असे आले, तर त्या टाकीत गोड्या पाण्यातले मासे ठेवावेत आणि प्रवाळासाठी काचवाल्याकडून दुसरी करून घ्यावी.